म्हशीच्या जागेत मावेल ती गाडी

“तू इंजिनिअर होणार ना? मग सांग बघू, कुठली घ्यायची?”

मित्रांनो, घरच्यांनी हा प्रश्न कधीच विचारला नाही असा विद्यार्थी आपल्या हॉस्टेलवर शोधूनही सापडायचा नाही. मिक्सर बिघडला, मोबाइल हँग झाला, इन्व्हर्टर घ्यायचाय... विचारा हिला! फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये एक जॉब फायलिंग करता करता आपण रडकुंडीला आलो होतो, हे घरी कुणाला सांगणार?

या वेळी सुट्टीत घरी गेले तेव्हा मात्र प्रश्न मिक्सरचा नव्हता. बाबांनी गाडी घ्यायचं ठरवलं होतं. आमच्या घरातली पहिली चारचाकी, आणि तीही इलेक्ट्रिक! बजेट बघता दोनच नावं उरली होती : टाटाची टियागो ईव्ही आणि एमजीची कॉमेट ईव्ही. “दोन्हींचा नीट अभ्यास कर आणि एक सांग,” असा हुकूम झाला. मीही शेफारले. रात्र जागून एक्सेलमध्ये तेवीस ओळींचा तक्ता केला. बॅटरी, पॉवर, टॉर्क, टायर, वॉरंटी, सगळं हजर. सकाळी ऐटीत तो आजीला वाचून दाखवला. आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि दोनच प्रश्न विचारले.

“व्हय, पण लावणार कुठं? आणि मी बसणार कशी?”

तेवीस ओळींत या दोन्ही प्रश्नांची उत्तरं नव्हती. आज हा लेख लिहिताना माझं स्पष्ट मत असं झालं आहे की, गाड्यांची तुलना आपण चुकीच्या टोकाकडून करतो. आपण गाडीपासून सुरुवात करतो. सुरुवात घरापासून करायला हवी.

आधी माझा तक्ता थोडक्यात सांगते, कारण तो काही अगदीच टाकाऊ नव्हता. टियागो ईव्ही सप्टेंबर २०२२ मध्ये आली, कॉमेट एप्रिल २०२३ मध्ये. तेव्हाच्या सुरुवातीच्या किमती अनुक्रमे ८ लाख ४९ हजार आणि ७ लाख ९८ हजार (एक्स-शोरूम). पुढे त्या वरखाली होत राहिल्या. टियागो म्हणजे आपल्या नेहमीच्या टियागोचंच विजेवर चालणारं रूप : पाच दारं, लांबी ३७६९ मिलिमीटर, बॅटरी १९.२ किंवा २४ किलोवॅट-अवरची. मोठ्या बॅटरीची रेंज तेव्हा कंपनीनं ३१५ किलोमीटर सांगितली होती. कॉमेट वेगळाच प्राणी आहे. लांबी फक्त २९७४ मिलिमीटर, म्हणजे तीन मीटरसुद्धा नाही. बाजूला दोनच दारं, माणसं चार, बॅटरी १७.३ किलोवॅट-अवरची, सांगितलेली रेंज २३० किलोमीटर. चाकं बारा इंची. मागची सीट उभी असेल तर सामानाला जागा जवळजवळ नाहीच. गंमत म्हणजे टॉर्क दोघींचा बराचसा सारखा, ११० न्यूटन-मीटरच्या आसपास.

सांगितलेली रेंज ही चाचणीतली असते. तिथं खड्डे नसतात, एसी लावा म्हणणारी बहीण नसते. म्हणून मी दोन्ही आकड्यांना सरळ एक तृतीयांश कात्री लावली. टियागो २१०, कॉमेट १५०. पुढचा सगळा हिशेब याच आकड्यांवर.

बाबांची पहिली शंका अस्सल कोल्हापुरी होती. “जोतिबाला चढंल का?” याचं उत्तर अकरावीच्या फिजिक्समध्ये आहे. कोल्हापूर आणि जोतिबाचा डोंगर यांच्या उंचीत साधारण ४०० मीटरचा फरक. चार माणसं धरून कॉमेटचं वजन ११०० किलो समजू. वस्तुमान गुणिले जी गुणिले उंची केलं की ४३ लाख ज्यूल येतात. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, तेव्हा चढण्यासाठी जादा खर्च सव्वा युनिटसुद्धा नाही! मोटरमधला तोटा धरला तरी दीड. साडेसतरा युनिटांच्या बॅटरीतून दीड. शिवाय उतरताना मोटर जनरेटरसारखी चालून त्यातलं काही परत देते. म्हणजे चांगभलं म्हणत चढा आणि निर्धास्त उतरा.

इथपर्यंत मी जिंकत होते. मग आजीच्या पहिल्या प्रश्नाकडे वळले.

आमचं घर शिवाजी पेठेत, निवृत्ती चौकातल्या अर्ध्या शिवाजी पुतळ्यापासून थोडं आत. ज्यांनी पेठ पाहिली नाही त्यांना सांगते, इथले बोळ बैलगाडी आणि घोडा डोळ्यांसमोर ठेवून झालेले आहेत. दोन्ही बाजूंना घरं, घरांना पायऱ्या, पायऱ्यांना टेकून मोटरसायकली. फुटबॉलचा सीझन असला की एखाद्या तालमीचा झेंडा आडवा बांधलेला. आमचा बोळ चौकापासून दीडशे पावलांवर, आमच्या दारातच संपतो. शेवटच्या भिंतीपासून शेजारच्या काकांच्या उंबऱ्यापर्यंत थोडी मोकळी जागा आहे. तिथं पूर्वी आजीची म्हैस बांधलेली असायची. म्हैस गेली, खुंटा अजून आहे.

मी टेप घेतला. बोळ सर्वांत अरुंद जागी सात फूट एक इंच, म्हणजे २१५९ मिलिमीटर. टियागोची रुंदी आरसे सोडून १६७७. दोन्ही बाजूंना एकेक वीत उरते, तीही सगळ्या मोटरसायकली हलवल्यावर. कॉमेट १५०५, म्हणून तिला जवळजवळ दीड-दीड वीत. मध्ये आडाजवळ एक वळण आहे. तिथं बोळ जरा रुंद होतो, पण तिथंही वळण्याची त्रिज्या आडवी येते : टियागोची ५.१ मीटर, कॉमेटची ४.२. आणि म्हशीची जागा? अकरा फूट चार इंच. म्हणजे ३४५४ मिलिमीटर. कॉमेट उभी राहून वर दीड फूट उरतो. टियागो मात्र एक फूट काकांच्या उंबऱ्यावर जाते. काका प्रेमळ आहेत, पण इतके नाहीत!

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, टियागो चौकात लावा. सगळी पेठ तेच करते. पेट्रोलची गाडी असती तर मीही हेच म्हटलं असतं. पण इलेक्ट्रिक गाडीच्या बाबतीत लावायची जागा म्हणजेच पेट्रोलपंप. ही गोष्ट बऱ्याच तुलनांमध्ये शेवटच्या ओळीत असते आणि ती पहिल्या ओळीत असायला हवी, असं मला वाटतं.

हिशेब बघा. लहान बॅटरी, एका किलोमीटरला तोट्यासकट ०.१३ युनिट. घरच्या विजेला मी युनिटमागे १५ रुपये धरले. तुम्ही म्हणाल जास्त धरले. पण महावितरणचं बिल टप्प्याटप्प्यानं चढतं. गाडीची युनिटं ही घरच्या वापरावर जादा पडणारी असतात, म्हणून ती सगळ्यांत वरच्या टप्प्यात जातात. तेव्हा सरासरी दर धरणं ही स्वतःचीच फसवणूक. तरीसुद्धा किलोमीटरला दोनच रुपये येतात. (मी “वन पॉइंट नाइन फाइव्ह” म्हणाले, आजी म्हणाली, “पाच पैसे कमी दोन रुपये म्हण की!”) पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि पेठेतल्या गर्दीत सोळाचं ॲव्हरेज धरलं तर साडेसहा रुपये. म्हणजे किलोमीटरमागे साडेचार रुपये वाचले. गाडी चौकात लावली आणि बाहेर युनिटला २०-२२ रुपये देऊन चार्ज केली तर खर्च तीन रुपयांकडे सरकतो. शिवाय तिथं जाऊन थांबायचं ते वेगळंच. चौकातून घरापर्यंत दीडशे पावलांची वायर तर कुणी ओढू देणार नाही.

बरं, जागा मिळाली म्हणजे झालं का? तेही नाही. घरच्या साध्या चार्जिंगला कॉमेट ३.३ किलोवॅट ओढते आणि पूर्ण भरायला सात तास घेते. २३० व्होल्टला हा प्रवाह १४ अँपिअरच्या वर जातो. गीझरही जवळपास इतकंच ओढतो, पण पंधरा मिनिटं. इथं सात तास! वायर प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात तापते हे आपण सर्किट्सच्या पेपरात लिहितो, पण घरातल्या जुन्या ॲल्युमिनियम वायरीला ते कुणी सांगत नाही. आमच्या सोप्यातल्या प्लगला अर्थिंग आहे असं सगळे समजत होते. उघडून बघितलं तर तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती. म्हणून मीटरपासून स्वतंत्र तांब्याची वायर, स्वतःचा एमसीबी, गळती पकडणारा आरसीसीबी, नवीन अर्थिंग, आणि वीजबिलावरचा मंजूर भार वाढवून घेण्याचा अर्ज. एवढं करून मगच गाडी. जुन्या घरात राहणाऱ्यांनी हा खर्च गाडीच्या किमतीत आधीच मिळवावा.

इथं मला टियागोवर अन्याय करायचा नाही. ज्याच्या घरी प्लगच नाही त्यानं कॉमेट अजिबात घेऊ नये, हेही तितकंच खरं. २०२४ पासून कॉमेटच्या काही मॉडेल्सना ७.४ किलोवॅटचं एसी चार्जिंग मिळालं, पण डीसी फास्ट चार्जिंगची सोय तिच्यात दिलेली नाही. टियागोत ती आहे. दहा टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत साधारण तासाभरात. ज्यांना महिन्यातून दोनदा पुण्याला जायचं असतं त्यांना हायवेवर एक थांबा घेऊन २३० किलोमीटर जाता येतं. कॉमेटनं हा विचारही करू नये. मोठ्या ट्रकांच्या शेजारून बारा इंची चाकांवर तासन्‌तास जाणं मलाही पटत नाही. दोन्हींच्या बॅटरीला आयपी-६७ हे मानांकन आहे, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी. पण २०१९ आणि २०२१ चे महापूर ज्यांनी पाहिलेत त्यांना सांगायला नको की तो पुरात गाडी घालण्याचा परवाना नव्हे.

आता आजीचा दुसरा प्रश्न. दोन्ही गाड्या टेस्ट ड्राइव्हला आल्या तेव्हा आम्ही आजीलाच बसवलं. टियागोत मागचं दार उघडलं, बसली, विषय संपला. कॉमेटमध्ये मागे जायचं तर पुढची सीट वाकवून, अंग चोरून शिरावं लागतं. आजीचे गुडघे बघता अशक्य! बाबा म्हणाले, “बघ, मी सांगत होतो. गाडीला दारं चार पाहिजेत.” तेवढ्यात आजी स्वतःच पुढच्या सीटवर जाऊन बसली. ती गाडी उंच आहे, दार मोठं आहे. वाकावं लागलं नाही, आत बुडावंही लागलं नाही. आणि वर म्हणाली, “मी कशाला मागं बसू? मला रस्ता बघायचाय.” घरातल्या म्हाताऱ्या माणसानं मागेच बसायचं, हे आपणच ठरवून टाकलेलं असतं.

बाबांची खरी अडचण दारांची नव्हती, हे मला त्या रात्री कळलं. बाबा गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत आहेत. आयुष्यभर त्यांनी इंजिनाचे भाग ओतले. आपल्या कोल्हापूरच्या शेकडो घरांची चूल या ओतकामावर चालते. शिरोली म्हणा, गोकुळ शिरगाव म्हणा, कागलची पंचतारांकित एमआयडीसी म्हणा. “ज्या गाडीत इंजिनच नाही, ती मी दारात आणायची?” असं ते हसत म्हणाले, पण पूर्ण हसत नव्हते. मी त्यांना ब्रेकच्या डिस्क आणि ड्रम इलेक्ट्रिक गाडीतही ओतीवच असतात, मोटरलाही आवरण लागतं, असं बरंच सांगितलं. ते खरं आहे. पण सिलिंडर ब्लॉक लागत नाही, हेही खरं आहे आणि ते त्यांना माझ्यापेक्षा आधी माहीत होतं. निदान गाडी ‘गाडीसारखी’ दिसावी, एवढंच त्यांचं म्हणणं. २००१ साली बंगळूरहून ‘रेवा’ आली तेव्हाही लोक तिला खेळणं म्हणून हसले होते. शिशाच्या बॅटऱ्या आणि कशीबशी ८० किलोमीटरची रेंज. पण तिच्यानंतर पंचवीस वर्षांत हे खेळणं कुठवर आलं बघा. हसणाऱ्यांच्या भरवशावर खरेदी करू नये, एवढाच त्यातला धडा.

या सगळ्या चर्चेत आई गप्प होती. शेवटी ती म्हणाली, “चालवणार कोण, ते कुणी विचारलंच नाही.”

आम्ही सगळे बाबांकडे बघितलं. बाबा सकाळी जातात, संध्याकाळी येतात. मधल्या वेळात आजीला दवाखान्यात नेते आई. बोळातून रिव्हर्स बाहेर पडावं लागतं म्हणून रिक्षावाले आत येत नाहीत. म्हणून आजीला हाताला धरून दीडशे पावलं चालवत चौकात आणायचं, आणि रिक्षा मिळेपर्यंत उभं करायचं. बँक, बाजार, लग्नकार्य, सगळं आईच्याच पायांवर. बाबांनी गाडी नेली तर ती दिवसभर कंपनीच्या पत्र्याखाली उभी राहणार. म्हणजे ज्या कामासाठी गाडी घ्यायची ते काम तसंच राहणार.

मी हिशेब पुन्हा मांडला. बाबांनी नेली तर महिन्याला साधारण ७५० किलोमीटर, वर्षाला चाळीस हजारांची बचत. गिअर नसलेली लहान पेट्रोल गाडी आणि इलेक्ट्रिक यांच्या किमतीत दोन लाखांचा फरक धरला तर पाच वर्षांत वसूल. आईनं चालवली तर ५०० किलोमीटर, बचत सत्तावीस हजार, वसुलीला साडेसात वर्षं. बॅटरीची वॉरंटी दोन्ही कंपन्यांची आठ वर्षं. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, इलेक्ट्रिकवरचा ५ टक्के होता तेवढाच राहिला. म्हणजे पेट्रोल गाडीही थोडी आवाक्यात आली. नुसत्या पैशांत बघायचं तर आईच्या हातात गाडी देणं तोट्याचं! पण मग आईच्या त्या दीडशे पावलांची किंमत एक्सेलच्या कुठल्या खान्यात लिहायची?

मला वाटतं, छोट्या इलेक्ट्रिक गाडीचा सर्वांत मोठा गुण पेट्रोलची बचत हा नाहीच. क्लच नाही, गिअर नाही, चढावर बंद पडायची भीती नाही. चाळिशी उलटल्यावर शिकणाऱ्या बाईच्या मनातली अर्धी धास्ती तिथंच कमी होते. हा गुण दोन्ही गाड्यांत आहे. पण आमच्या बोळातून ज्या गाडीला रोज आत-बाहेर करायचंय, ती तीन मीटरची असलेलीच बरी. पुण्याला वर्षातून चारदा जातो, त्याला एस.टी. आहे, रेल्वे आहे. वर्षातल्या चार दिवसांसाठी उरलेले ३६१ दिवस चौकात पार्किंग शोधत फिरायचं, हे मला पटत नाही.

तेव्हा माझं मत कॉमेटला. तुमचं घर उपनगरात असेल, दारात शेड आणि प्लग असेल, किंवा हायवेचा प्रवास नेहमीचा असेल, तर तेच मत टियागोला. मत गाडीवर नाही, घरावर अवलंबून आहे.

बाबांनी दोन दिवस काही उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते पहार घेऊन म्हशीचा खुंटा उपटायला लागले. “मी आपला मोटरसायकलनंच जातो,” एवढंच म्हणाले. गाडी अजून बुक केलेली नाही. आधी वायरिंग आणि मंजूर भार, असा माझा हट्ट आहे. पण आईचं लर्निंग लायसन्स आलंय. आणि आजीनं पुढची सीट आत्ताच बुक करून ठेवलीय!

तर मंडळी, उद्या तुमच्याही घरून फोन येईल, “तू इंजिनिअर ना, सांग कुठली घ्यायची.” तेव्हा लगेच रेंज आणि टॉर्क सांगायला बसू नका. आधी टेप घेऊन बोळात उतरा, प्लगमागची अर्थिंग तपासा, आणि घरात जे माणूस सगळ्यांत कमी बोलतं त्याला विचारा. माझ्या तक्त्यात आता सव्वीस ओळी आहेत : लावणार कुठं, बसणार कोण, चालवणार कोण. या तीन मी सगळ्यांत वर टाकल्यात.